शिंपल्या परत मागताना

आमच्याकडे शिंपल्या धुतल्या की सगळ्या चाळीला कळायचं. परातीत पाणी घालून दोन्ही हातांनी त्या खळखळवायच्या, गढूळ पाणी ओतायचं, परत नवं घालायचं, आणि पाणी नितळ निघेपर्यंत हे चालायचं. ठाकुर्लीच्या आमच्या दोन खोल्यांत तो आवाज लपवायला जागा नव्हती. शेजारच्या काकू भिंतीपलीकडूनच विचारायच्या, "चांगुणा आली वाटतं?" आणि आई इकडून "हो, जेवायलाच या" असं उत्तर द्यायची. काकू कधी जेवायला यायच्या नाहीत, पण वाटी मात्र यायची, वर झाकण ठेवलेली, रिकामी.

चांगुणा म्हणजे माझी मावशी, आईची थोरली बहीण. दोघींचं माहेर ठाण्याच्या खाडीकाठी, कोळ्यांच्या गावात. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्याच गावचे, पण ते होडीवर गेले नाहीत. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लेथवर लागले आणि लग्नानंतर आईला घेऊन ठाकुर्लीला आले. मावशी गावातच राहिली. काका होडीवर आणि मावशी टोपलीवर, असा त्यांचा संसार होता. तिला मूलबाळ झालं नाही. ती आठवड्यातून दोन-तीनदा डोंबिवलीच्या बाजारात येऊन बसायची, माल संपला की आमच्याकडे यायची आणि येताना आमचा वाटा पदराखाली बाजूला काढलेला असायचा. बोंबील, मांदेली, कधी कोलंबी. पण अण्णांचा जीव शिंपल्यांवर.

शिंपल्यांचे नियम मी पाढ्यांच्याही आधी शिकले असेन. तोंड उघडलेली शिंपली दिसली की तिच्यावर नखाने टिचकी मारायची. मिटली तर जिवंत, नाही मिटली तर बाहेर. नाकाशी धरून बघायची. शिजल्यावर जी उघडणार नाही ती हट्टाने उघडायची नाही, फेकून द्यायची. मावशी विळीवर बसून एकेक शिंपली अशी उघडायची की मांस अख्खं एका शिंपीत राहायचं आणि आतलं पाणी खालच्या पातेल्यात गळायचं. त्या पाण्याचा थेंब वाया जायचा नाही. लसूण ठेचून, दोन आमसुलं टाकून आई त्याला एक उकळी आणायची आणि अण्णा ते वाटी तोंडाला लावून प्यायचे. वर म्हणायचे, "सगळी खाडी उतरते बघ घशाखाली." बाकीच्या शिंपल्या ओल्या खोबऱ्याच्या वाटणात आणि घरच्या लाल मसाल्यात. तांदळाची भाकरी. आम्ही शिंपीच चमच्यासारखी वापरायचो.

आता माझी नात मला फोनवर समुद्राचे फोटो दाखवते. अंधारात लाटा निळ्या चमकताहेत आणि लोक मुलंबाळं घेऊन बघायला निघालेत. "आज्जी, किती भारी ना?" असं ती म्हणते. भारी असतंच ते. ती चमक पाण्यातल्या बारीक शेवाळाची असते, आणि सगळीच शेवाळं विषारी नसतात, चमकणारं पाणी म्हणजे विष असंही नाही, हे मला आता माहीत आहे. तरीही माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो हाच, की तिथल्या शिंपल्या कुणी घेतल्या नाहीत ना. पोरं हसतात. त्यांना वाटतं म्हातारीला प्रत्येक गोष्टीत काहीतरी खोट दिसते.

तेव्हा मी आठवी-नववीत असेन. नवरात्र नुकतंच संपलं होतं. नऊ दिवस मासळी बंद असायची, त्यामुळे दसरा झाला की डोंबिवलीचे लोक बाजारावर तुटून पडायचे. ऑक्टोबरचं ऊन असं होतं की पत्र्याला हात लावला तर भाजायचं. अण्णांच्या कारखान्याची सुट्टी बुधवारी असायची आणि मावशी बुधवारी हमखास यायची. त्या बुधवारी मी सकाळची शाळा करून आले तर मावशी विळीवर बसलेली, खळखळ आवाज संपलेला आणि आई मसाला परतत होती.

"पाण्याला काय झालंय म्हणत होतीस?" आईने मागे न बघता विचारलं.

"लाल झालाय," मावशी म्हणाली. "चहावानी. चार दिस झालं. बारकी मासली मरून काठाला लागतंय. पन ह्यो आपल्या बाजूला. मी ह्या शिंपल्या खाडीच्या पल्याडच्या तोंडाच्या आनल्यात, तिथला पानी चांगला हाय. मीच बगून आयलू."

"मग ठीक."

एवढंच बोलणं झालं. पाण्याला अधूनमधून रंग यायचा, माझ्या आजीच्या वेळीही यायचा, आणि काही दिवसांनी जायचा. तेवढ्यासाठी मावशीने जागाही बदलली होती. मी हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर जे लोक बोलले त्यांना ती निष्काळजी वाटली. ती निष्काळजी नव्हती. तिला जेवढ्या खुणा माहीत होत्या तेवढ्या सगळ्या तिने पाहिल्या होत्या. जे विष होतं त्याला खूणच नव्हती.

अण्णा पहिले जेवायला बसले. दोन वाट्या पाणी प्यायले, मग शिंपल्या. मी हात धुऊन त्यांच्याच ताटाशी टेकले आणि त्यांनी मला चार-दोन भरवल्या. तेवढ्यात माझी मैत्रीण गृहपाठाची वही मागायला आली म्हणून मी उठले, आणि परत आले तर अण्णांनी ताट चाटूनपुसून लख्ख केलं होतं. आई आणि मावशी मागून जेवणार होत्या. काकूंची वाटी अजून आली नव्हती.

अण्णा चटईवर पेपर घेऊन आडवे झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "कुंदा, जरा पाणी दे गं. ओठ कसे बधिर झालेत, दाताच्या डॉक्टरने सुई मारल्यासारखे."

आई हसली. "आणखी प्या दोन वाट्या. मिरची लागली असेल."

मी पाणी दिलं. त्यांनी पेला घेतला आणि तो त्यांच्या हातातून सरळ खाली गेला, जणू त्यांनी धरलाच नव्हता. ते आपल्या बोटांकडे बघत राहिले. मग उठून उभे राहिले, भिंतीला हात लावला, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "पाय जमिनीला लागत नाहीयेत माझे." ते गंमत करत असतील असं मला वाटलं, कारण ते नेहमी करायचे. पण त्यांचा 'नाहीयेत' हा शब्द जड, लोळागोळा होऊन बाहेर आला होता. आईने हातातलं भाकरीचं पीठ तसंच ठेवलं.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी रक्तदाब घेतला, डोळ्यांत बॅटरी मारली, अर्धांगाची शंका घेतली आणि ताबडतोब कल्याणला मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. रिक्षात अण्णा आईच्या खांद्यावर डोकं टेकून होते. मी आणि मावशी मागच्या रिक्षात. तिच्या हातांना अजून लसणाचा वास होता आणि ती ते हात पदरात पुसत होती, पुसलेलेच पुन्हा पुसत होती.

दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, मध्यम वयाच्या, बारीक चणीच्या. त्यांनी अण्णांना हाताची मूठ करायला लावली, ती झाली नाही. मान उचलायला सांगितली, तीही नीट उचलेना. मग त्या आईकडे वळल्या. "काय खाल्लं यांनी?"

"घरचंच," आई म्हणाली. "नेहमीचंच."

"शिंपल्या," मावशी म्हणाली.

बाई मावशीकडे वळल्या. खाडीच्या पाण्याचा रंग विचारला. मावशीने सांगितला. अण्णांचे ओठ किती वेळाने बधिर झाले ते विचारलं. मग म्हणाल्या, "मी हे एकदाच पाहिलंय, दुसऱ्या किनाऱ्यावर नोकरीला होते तेव्हा. खात्री देत नाही. पण तसंच दिसतंय. पाण्यात एक बारीक शेवाळ वाढतं, डोळ्यांना न दिसणारं. शिंपल्या दिवसभर पाणी गाळतात, आणि ते त्यांच्या पोटात साठत जातं. त्यांना काही होत नाही. खाणाऱ्याला होतं."

"पण ताज्या होत्या हो," आई म्हणाली. "एकेक बघून घेतली. चांगल्या उकळल्या."

"ताज्या असणारच. हे विष उकळून जात नाही. उलट पाण्यात उतरतं."

आईने तोंडावर हात ठेवला. त्या दोन वाट्या तिनेच भरून दिल्या होत्या.

"औषध?" मावशीने विचारलं.

"उतारा असा नाही. विष आपलं आपण उतरतं, एखाद्या दिवसात. तोवर श्वास चालू राहिला पाहिजे. तो बंद पडायला लागला तर आम्ही पिशवी दाबून देऊ." त्यांनी पलंगाशेजारची रबरी पिशवी दाखवली. "आणखी कुणी खाल्ल्यात?"

"मी," मी म्हणाले. "थोड्या."

त्यांनी माझ्या ओठांना बोट लावलं, जीभ बाहेर काढायला लावली, चिमटे काढले. "जेवून बराच वेळ झालाय. सुटलीस बहुतेक. पण ओठ, जीभ, बोटांची टोकं. कुठेही मुंग्या आल्या तर पळत इथे यायचं." त्या 'बहुतेक'ने माझा उरलेला दिवस खाल्ला. ओठांकडे लक्ष दिलं की ते चुरचुरतात, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. वाचणाऱ्याने आत्ता करून बघावं.

"आणि बाकीच्या शिंपल्या?" बाईंनी मावशीला विचारलं. "तुम्ही विकता ना?"

मावशीने मान हलवली. "सकाली इकल्या. बाजारात."

"किती जणांना?"

मावशी समोरच्या भिंतीकडे बघायला लागली. ती हिशेब करत नव्हती, ती चेहरे बघत होती. ते मला कळलं, कारण तिचे ओठ हलत होते. बाई म्हणाल्या की त्या नगरपालिकेला कळवतील, पण साहेब लोक उद्या हलतील. आणि डोंबिवलीत त्या काळी मासळी संध्याकाळी शिजायची, घरचे पुरुष कामावरून आल्यावर. चाळीत काय, बिल्डिंगीत काय, फोन कुणाकडे होते?

मावशी उठली. आई अण्णांचा हात धरून बसली होती, तशीच बसून म्हणाली, "कुंदाला घेऊन जा. तुझं ऐकणार नाहीत ते लोक. ती नीट बोलेल."

"आन हिला काय झालं तर?"

आईने माझ्याकडे पाहिलं. तो तिचा चेहरा मी विसरलेले नाही. एका हाताला नवरा, आणि दुसऱ्या हाताने ती मला बाहेर पाठवत होती. "दर थोड्या वेळाने तिला विचार," ती मावशीला म्हणाली. "ओठ विचार."

काकूंच्या वाटीची आठवण मला रिक्षात झाली. आधी ठाकुर्लीला गेलो. काकू आमच्या दाराशी वाटी घेऊन उभ्या, दाराला कुलूप बघून गोंधळलेल्या. मी पळत वर गेले, पातेल्यातल्या सगळ्या शिंपल्या, रस्सा, उरलेलं पाणी, सगळं एका जुन्या डब्यात ओतलं आणि डबा मावशीच्या रिकाम्या टोपलीत ठेवला. मोरीत टाकायचं नाही, मावशी म्हणाली, मांजरं खातील. मग टोपली डोक्यावर घेऊन ती निघाली. सकाळी विकायला निघते तशीच. फक्त या वेळी ती माल गोळा करायला निघाली होती.

मावशीला अक्षर येत नव्हतं, दारावरच्या पाट्यांचा तिला उपयोग नव्हता. पण बाजारात न येणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकांना ती वर्षानुवर्षं घरपोच मासळी द्यायची, आणि बाजारात येणाऱ्यांचीही घरं तिला ठाऊक होती. पहिलं घर प्रधानवहिनींचं. दार उघडलं तोच एकशिपीचा, म्हणजे अर्ध्या शिंपीसकट शिजवलेल्या कालवणाचा, खमंग वास बाहेर आला. वहिनी पदर खोचून स्वयंपाकात होत्या.

"चांगुणा? आत्ता कशी काय?"

"वैनी, त्या शिंपल्या मना परत द्या."

वहिनींना वाटलं ती चेष्टा करतेय. मी पुढे झाले आणि पाठ केल्यासारखं सांगितलं. पाण्यात विषारी शेवाळ आहे, ते शिंपल्यांत गेलंय, माझे वडील दवाखान्यात आहेत. वहिनींनी पातेल्यावरचं झाकण उचलून वास घेतला. "अगं, वास तर नाहीये. आणि मी अर्धा तास शिजवल्यात."

"शिजवून जात नाही, डॉक्टर म्हणाल्या."

"इतकी वर्षं घेतेय मी हिच्याकडून. कधी एक खराब निघाली नाही."

"म्हनून तर आयलू," मावशी म्हणाली. "तुमी इश्वासाने खाल म्हनून."

वहिनींचा लहान मुलगा ओट्याला लोंबकळून एक शिंपी उचलायला बघत होता. वहिनींनी त्याच्या हातावर फटका मारला, बहुतेक आयुष्यात पहिल्यांदा, कारण त्याने रडण्याआधी आश्चर्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनी सगळं पातेलं डब्यात उपडं केलं आणि हात साबणाने धुतले. दार लावून घेताना म्हणाल्या, "तुझे वडील बरे होऊ देत गं." मावशीशी त्या काही बोलल्या नाहीत.

पुढच्या घरी शिंपल्या अजून पाण्यात होत्या, त्यांनी निमूट दिल्या. त्याच्या पुढच्या घरी बाईंच्या नवऱ्याने जिन्यातच आवाज चढवला. लोकांना विष विकता, उद्या पोरं मेली असती म्हणजे, पोलिसांत देतो. शेजारपाजारची दारं उघडली. मावशी टोपली डोक्यावर धरून उभी होती, मान न झुकवता आणि न उचलता. त्यांचं बोलून संपलं तेव्हा म्हणाली, "द्या पोलिसांत. पन आदी शिंपल्या द्या." आतून बाईंनी पिशवी आणून दिली.

जिना उतरताना तिने विचारलं, "ओठ?"

"काही नाही," मी म्हणाले. मला खरंच कळत नव्हतं.

दळवीकाका एकटे राहायचे. बायको गेल्यापासून स्वतः रांधायचे आणि शिंपल्या दुपारीच केलेल्या असणार हे मावशीला माहीत होतं, म्हणून तिचा पाय त्या गल्लीत जड झाला होता. काकांनी दार उघडलं, हातात चहाचा कप. "खाल्ल्या की. फर्स्ट क्लास होत्या," ते म्हणाले. "मला कुठे काय झालंय? ठणठणीत आहे मी."

"ओठ बधिर वाटतात का?" मी विचारलं.

"नाही."

"बोटं?"

त्यांनी मोकळ्या हाताची बोटं चोळून पाहिली. "बोटांचं म्हणशील तर माझी साखर वाढली की येतात मुंग्या. दुपारपासून आहेत जरा."

मावशीने त्यांच्या हातातला कप काढून घेतला. शेजारच्या तरुण जोडप्याला हाक मारली, त्या मुलाने पायात चपला सरकवल्या आणि काकांना धरून खाली नेलं. काका रिक्षात बसेपर्यंत म्हणत होते की उगाच त्रास, आणि पायरी चुकून त्या मुलाच्या अंगावर रेलत होते. कल्याणच्या त्याच दवाखान्यात न्यायला मी सांगितलं. रिक्षा वळली तशी मावशी कट्ट्यावर बसली. मला वाटलं तिला चक्कर आली. पण ती म्हणाली, "एक राहिली गो."

ती एक नवीन होती. मावशी तिला ओळखत नव्हती. टोपलीच्या तळाशी उरलेल्या शिंपल्या घ्यायला आलेली, हातात हिरवा चुडा, लग्नाला फार दिवस झालेले नसावेत. साफ कशा करायच्या ते तिने दोनदा विचारलं, मावशीने शिकवलं, आणि नवी नवरी म्हणून मूठभर वर घातल्या. बोलता बोलता ती एवढंच म्हणाली होती की मानपाड्याला नवी आलेय, नवरा कंपनीत जातो.

त्या काळचं मानपाडं आतासारखं नव्हतं, तरी कंपन्यांमुळे खोल्यांवर खोल्या चढत होत्या आणि हिरवा चुडा घातलेल्या नव्या सुना दर तिसऱ्या घरात होत्या. ऊन कलत होतं. आम्ही किराणावाल्याला विचारलं, पिठाच्या गिरणीत विचारलं, नळावर भांडी घासणाऱ्या बायकांना विचारलं. गिरणीवाला म्हणाला, "नाव काय?" नाव नव्हतं. "गाव कुठलं?" मावशी म्हणाली, बोलण्यावरून घाटावरची. तो हसला. निम्मं मानपाडं घाटावरचं होतं. एका चाळीत एका चुडेवालीला आम्ही दारातून बोलावलं, ती दुसरीच निघाली, शाकाहारी. तिच्या सासूने आम्हाला हाकललं. घराघरांतून फोडणीचे वास यायला लागले होते, आणि प्रत्येक वासाशी मावशी थबकायची, नाक वर करून, मासळीचा आहे का ते बघायला. एकदोनदा तसा आला. ते बोंबील होते.

दिवे लागले तेव्हा ती थांबली. मधल्या मोकळ्या जागेत उभी राहून तिने सगळ्या खिडक्यांकडे एकदा बघितलं. मग मला म्हणाली, "चल. बाबा काय करतोय तुझा, बगू." माझ्या ओठांचं विचारायचं ती त्या वेळी विसरली. मीही विसरले होते.

अण्णांचा श्वास मधे उथळ झाला होता आणि त्यांना पिशवी लावावी लागली होती. आम्ही गेलो तेव्हा एक वॉर्डबॉय ती दाबत होता आणि आई त्याच्या हाताकडे बघून स्वतः तसाच श्वास घेत होती. अण्णा शुद्धीवर होते, हे सगळ्यात वाईट. डोळे उघडे, सगळं कळतंय, आणि बोट हलत नाही. पलीकडच्या पलंगावर दळवीकाका बसलेले, त्यांना तेवढं झालं नव्हतं, ते आईला धीर देत होते. मावशी आत आली नाही. दाराबाहेर टोपली घेऊन भिंतीला टेकून बसली, आणि डॉक्टरीणबाईंनी स्वतः जाऊन तिला चहा दिला तरी तिने घेतला नाही.

सकाळी अण्णांनी उजव्या हाताची दोन बोटं हलवली. आई ती बोटं धरून रडली. दुपारपर्यंत ते स्वतः श्वास घेत होते, आणि बोलता यायला लागल्यावर जड जिभेने पहिलं वाक्य बोलले ते, "पाणी मात्र झकास झालं होतं." आईने त्यांच्याशी दोन दिवस अबोला धरला. दळवीकाकाही घरी गेले. गोळा केलेल्या शिंपल्या मावशीने गावी नेऊन उंचावर खड्ड्यात पुरल्या, आणि भरती-ओहोटी बघत शिंपल्या काढायला निघालेल्या प्रत्येक बाईला वाटेत अडवलं. काहींनी ऐकलं, काहींनी नाही.

पुढे मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. पाणी स्वच्छ दिसत असलं तरी शिंपल्यांत विष असू शकतं, आणि पाणी लाल असलं तरी नसू शकतं, हे वाचलं तेव्हा मला मावशीची फार आठवण झाली. पल्याडचं पाणी चांगलं होतं, हे ती खरंच सांगत होती. शिंपल्या, कालवं, गाळून जगणारं जे जे काही, त्याचीच मुख्य भीती. मोठी मासळी आतडी काढून, स्वच्छ धुऊन खाल्ली तर सहसा त्रास होत नाही. शिजवणं, गोठवणं, आमसूल-लिंबू यांपैकी कशाचाही उपयोग नाही. प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय कळायला मार्ग नाही, म्हणून तसे दिवस असले की खायच्या नाहीत, आणि खाऊन ओठांना मुंग्या आल्याच तर घरी लिंबूपाणी घेत बसायचं नाही. माझ्या घरात हे सगळ्यांना इतक्यांदा सांगून झालंय की आता कुणी ऐकत नाही.

मावशी काही दिवसांनी पुन्हा बाजारात बसायला लागली. शिंपल्या नाहीत, नुसती मासळी. तेव्हा मला दिवाळीची सुट्टी होती आणि आई मला तिच्याजवळ बसायला पाठवायची, कारण एकटी असली की ती जेवायची नाही. प्रधानवहिनी समोरून जायच्या आणि पलीकडच्या बाईकडून बांगडे घ्यायच्या. जे पोलिसांचं बोलले होते त्यांची बायको मात्र पहिली परत आली, घासाघीस न करता सुरमई घेऊन गेली. मावशी गिऱ्हाइकांकडे फारशी बघायची नाही. ती गर्दीत बघायची. हिरव्या चुड्याचा हात दिसला की अर्धवट उठायची आणि परत बसायची. मानपाड्यात कुणी दगावलं का, हे तिने मासळी घेणाऱ्या प्रत्येकीला विचारून झालं होतं. दोघीतिघींनी तिला वेड्यात काढलं होतं.

एका सकाळी ती बाई आली. मी ओळखणं शक्यच नव्हतं, पण मावशीने हातातली मासळी खाली ठेवली. हातात चुडा, केसांत अबोली, पिशवी पुढे करून ती म्हणाली, "मावशी, शिंपल्या नाहीत का आज? मागच्या वेळच्या फार छान झाल्या होत्या. ह्यांना आवडल्या."

मावशीने तिचा हात धरला. तिने तो सोडवला नाही, घाबरली मात्र. मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, एकदा हसायला गेली आणि थांबली.

"अगं बाई," ती म्हणाली. "खाल्ल्यावर आमचे दोघांचे ओठ चुरचुरत होते रात्रभर. मी आपली म्हणत होते, मसाल्याची सवय नाही. हे तर म्हणाले, बोटं कशी झोपल्यासारखी झालीत. मग झोपलो आम्ही."

मग झोपलो आम्ही. मावशीने तिचा हात अजून धरलेला होता, आणि तिच्या मनगटावर आपला अंगठा ठेवून ती बसली होती, डॉक्टर नाडी बघतात तसा. बराच वेळ. मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

"शिंपल्या नाय देत तुना," ती शेवटी म्हणाली. "थंडी सरूदे, मग बगू." तिने चांगल्या मांदेल्यांचे दोन वाटे उचलून त्या बाईच्या पिशवीत टाकले, पैसे घेतले नाहीत, आणि विचारलं, "तुजं नाव काय गो? कुठं राहतंस, घर कनचं, नीट सांग मना."